अमेरिकेत मुलाकडे राहायला जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

आमच्या अमळनेरात काय नि जळगाव-धुळ्यात काय, रिटायर माणसांची बैठक बसली की एक विषय हमखास निघतो, पोरगा बोलावतोय, सहा महिने जाऊन यायचं का. जाऊन आलेले लोक सांगतात ते बहुतेक सामानाचं असतं, किती किलोची बॅग, पापड चालतात का, स्वेटर इथून घ्यायचं का तिथून. ते लागतंच, मी पण पुढं थोडं सांगतो. पण मी डॅलसजवळ मुलाकडे राहून आलोय, आपल्याकडच्या बऱ्याच आईवडलांना तिथं जवळून बघितलंय, आणि माझं मत असं झालंय की तिथं माणूस जास्त थकतो तो आपल्याला कुणी ओळखत नाही त्यानं. त्याची तयारी इथूनच करून जाता येते, ती कशी करायची ते लिहितोय.

बघा ना, इथं सकाळी दूध आणायला निघालो तरी बाजारपेठेपर्यंत चार जण राम राम सर करतात, बँकेत काउंटरवर आपलाच विद्यार्थी बसलेला असतो, कुणाच्या पोरीचं जमवायचं असलं की स्थळाची चौकशी करायला आपल्याकडं येतात, भाऊबंदकीत वाद झाला की आप्पांना विचारा म्हणतात. यातलं काहीच बॅगेत भरून नेता येत नाही. डॅलसच्या बाजूच्या वस्तीत रस्त्यानं चालायला लागलं तर रस्त्यावर मुळात माणूसच नसतो, सगळे गाडीत, एखादा कुत्रा फिरवणारा हात वर करून हाय म्हणतो आणि पुढं जातो. पहिला महिना नवलाईत जातो, मॉल, मंदिर, नायगारा होऊन जातं, खरं अवघड सुरू होतं दुसऱ्या महिन्यात. ज्यांचा आवाज अख्ख्या शाळेत ऐकू जायचा असे एक निवृत्त मुख्याध्यापक मी तिथं दिवसभर सोफ्यावर मराठी सिरियल लावून बसलेले पाहिलेत, गुडघेदुखी, झोप नाही, भूक नाही सगळं एकदम सुरू झालेलं, आणि मुलगा बिचारा डॉक्टर शोधतोय.

तर पहिलं काम, तिकीट काढलं त्याच आठवड्यात करायचं. मी मराठीचा शिक्षक म्हणून मला हे व्याकरणातून सुचलं. एक कागद घ्या आणि स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहा, अट एकच, सगळी वर्तमानकाळात. मी शिक्षक होतो, मी चेअरमन होतो, मी अमुक साली आदर्श पुरस्कार घेतला, हे चालणार नाही. मी रोज एक तास चालतो, मी नातवाला अहिराणी शिकवतोय, मी मोडी वाचायला शिकतोय, मी लसणाची चटणी चांगली करतो, असं. करून बघा, पहिल्यांदा दोन वाक्यांच्या पुढं बहुतेकांचं जात नाही, माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना करायला लावलं म्हणून सांगतो. आणि जायच्या आधीचे दोन-तीन महिने त्या उरलेल्या वाक्यांसाठी घालवा, म्हणजे खरंच काहीतरी सुरू करा. आमच्या अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, मी कोण या प्रश्नावर तिथं मोठमोठ्या विद्वानांनी अभ्यास केला, आपल्याला तेवढ्या खोलात जायची गरज नाही, पण सकाळी उठल्यावर मी काय करणार आहे एवढं तरी आपलं आपल्याला माहीत पाहिजे.

आता कागदपत्रं. हे भराभर सांगतो पण नीट वाचा. व्हिजिटर व्हिसा आपल्याला बहुतेक दहा वर्षांचा मिळतो, म्हणून काही जण समजतात की पाहिजे तितकं राहता येतं, तसं नाही. किती दिवस राहायचं ते तिथं विमानतळावरचा इमिग्रेशन ऑफिसर ठरवतो, साधारण सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, पोचल्यावर मुलाला ती ऑनलाईन काढून प्रिंट करायला सांगा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेच्या पुढं राहिलं तर व्हिसा बाद होतो. ऑफिसरनं विचारलं कशाला आलात, किती दिवस, तर खरं आणि थोडक्यात सांगा, मुलाकडे आलो, अमुक महिन्यात परत जाणार. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागता येतो, घाबरायचं काही नाही. विमानात व्हीलचेअर सांगून ठेवता येते, त्याचे पैसे लागत नाहीत, मोठ्या विमानतळावर पाय दुखत असतील त्यांनी लाज बाळगू नये. आणि या व्हिसावर पैसे मिळतील असं कोणतंही काम करायचं नाही, शेजारच्या देशी कुटुंबाची पोरं सांभाळून डॉलर घेणं सुद्धा यात येतं, कुणी कितीही आग्रह केला तरी.

इन्शुरन्स इथून किंवा तिथून घ्या पण घेतल्याशिवाय विमानात बसू नका, एका रात्रीच्या ॲडमिशनचं बिल आपल्या वर्षाच्या पेन्शनच्या वर जाऊ शकतं. पॉलिसीत आधीपासूनचे आजार, म्हणजे शुगर, बीपी, हार्ट, यांचं काय लिहिलंय ते मुलाला वाचून दाखवायला लावा, बहुतेक पॉलिसी नेहमीचा इलाज देत नाहीत, अचानक उलटलं तरच काही मर्यादेत देतात. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या कारण आपले ब्रँड तिथं कुणाला कळत नाहीत. इमर्जन्सीचा नंबर ९११, घराचा पूर्ण पत्ता पाठ करा.

पेन्शनवाल्यांनी हे लक्षात ठेवा की नोव्हेंबर मुक्कामात येणार असेल तर हयातीच्या दाखल्याचं काय करायचं ते निघायच्या आधी बँकेत किंवा ट्रेझरीत जाऊन विचारून घ्या, आधारला मोबाईल लिंक आहे का बघा, आणि इंडियाचं सिम रोमिंग सुरू करून चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येतो आणि सिम बंद पडलं की आपलेच पैसे आपल्याला काढता येत नाहीत. खिशात थोडे स्वतःचे डॉलर ठेवाच. आपण नातवाला आईस्क्रीम घेऊन देताना सुनेकडं पैसे मागायची वेळ येऊ नये, आपल्या कमाईतून दिलेलं पोराला पण लक्षात राहतं.

खाण्याचं म्हणाल तर बिबडे, पापड, काळा मसाला, दादरीचं पीठ लोक नेतात, पण ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस अजिबात नको, आणि जे काही खाण्याचं नेलंय ते विचारलं की सगळं सांगून टाका. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

पोचल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस झोपेचं गणित जमत नाही, ते जाऊ द्या, दिवसा उन्हात बसा. डॅलसला उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागं वेळ असते, हिवाळ्यात साडेअकरा, मार्चमध्ये नि नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ एक तास बदलतं. म्हणजे उन्हाळ्यात तिकडून रात्री साडेआठला फोन लावला की अमळनेरला सकाळचे सात, भावाच्या हातात चहा असतो. हा फोन रोज करू नका. आठवड्यातले दोन दिवस ठरवा. रोज गावातलं कोण आजारी, कुणाचं जमलं, कापसाचा भाव काय झाला हे ऐकत बसलं की शरीर डॅलसला नि मन बसस्टँडवर असं होतं, आणि समोर नातू शाळेतून येऊन काहीतरी सांगत असतो ते कानावर पडत नाही.

घरात गेल्यावर एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच मागून घ्या, ती म्हणजे काम. आमची सूनबाई म्हणायची आप्पा तुम्ही आराम करा, आयुष्यभर केलंय, प्रेमानंच म्हणायची, पण आरामावर सहा महिने निघत नाहीत. मी मागून घेतलं की नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं आणि आणणं माझं, आणि मागच्या अंगणातली झाडं माझी. ठरलं म्हणजे ठरलं, मग त्यात दुसऱ्यानं हात घालायचा नाही. आमच्या मंडळींनी स्वयंपाकघर पूर्ण ताब्यात घेतलं नाही, आठवड्यातले तीन दिवस त्यांचे, बाकीचे सुनेचे, असं बोलून घेतलं. हे बोलून घेणं फार महत्त्वाचं आहे. न बोलता दोन टोकं होतात, एक तर आईवडील पाहुण्यासारखे बसून राहतात नाहीतर सकाळपासून रात्रीपर्यंत भांडी, कपडे, पोरं यातच अडकतात आणि मनात धरून बसतात. दुसरं टोक मी बायकांच्या बाबतीत जास्त बघितलं आणि मला ते अजिबात पटत नाही, मुलांनी आईला बोलावताना बाळंतपण आणि पोर सांभाळणं एवढंच डोक्यात ठेवू नये. आईचा पण दिवस असतो, तिला पण कुठं जायचं असतं. आणि बाबांनो, ती स्वतः मागणार नाही, तिच्यासाठी तुम्ही मागा.

आता शहाणपणाचं. आपल्याकडं वय झालं की सल्ला द्यायचा हक्क आपोआप येतो असं धरलं जातं, आणि इथं तो चालतो पण, कारण इथल्या परिस्थितीची आपल्याला माहिती असते. तिथं घर कसं घ्यायचं, पोराला कोणत्या शाळेत घालायचं, नोकरी बदलायची का, यात आपल्याला काही कळत नाही हे मान्य करून टाका, माझा तर नियमच होता, विचारलं तर सांगायचं, तेही एकदा. नातवावर हात उगारायचा नाही हे तर पक्कं, नुसतं वळण म्हणून सुद्धा नाही, तिथं शाळेतल्या शिक्षकांना शंका आली तरी कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मारून कुणी शिकत नाही हे मी वर्गात उभा राहून शिकलोय.

मग आपल्याकडं द्यायला काय उरतं? पुष्कळ उरतं. सल्ला बाजूला ठेवा आणि घडलेलं सांगा. आम्ही एकदा गाडीनं डॅलसच्या दक्षिणेला जात होतो, दोन्ही बाजूला बुटक्या, लालसर कणसांचं पीक, मी मुलाला म्हटलं थांबव, ही तर ज्वारी. तिथले लोक तिला मिलो म्हणतात, बहुतेक जनावरांना घालतात. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोरं, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा, आई त्याच्या भाकरी थापायची, त्या मोडायच्या, दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, मोठी माणसं खडी फोडायला जायची. हे सगळं मी नातवाला त्या शेताच्या कडेला उभं राहून सांगितलं. त्यानं किती प्रश्न विचारले! भाकरी का मोडायची, पाऊस का नाही पडला, तुम्ही रडलात का. अन्न टाकू नये असं मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि तरी त्या दिवसानंतर तो ताटात घेताना विचार करून घ्यायला लागला. तुमच्याकडं पण अशा गोष्टी आहेत, रेल्वेतल्या असतील, शेतातल्या असतील, एसटीच्या असतील. त्या आठवून ठेवा, जाण्याआधी एका वहीत नुसते मुद्दे लिहा, कारण तिथं गेल्यावर ऐनवेळी सुचत नाही.

घराबाहेर पडायला गाडी लागते ही खरी अडचण आहे, आणि मुलं कामावर असतात. यावर माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पब्लिक लायब्ररी. बहुतेक गावात असते, आत जायला पैसे नाहीत, गार हवा, खुर्च्या, पेपर, बऱ्याच ठिकाणी इंग्रजी बोलायचा सराव करायला फुकट वर्ग भरतात, आणि मुलाच्या पत्त्याचा काहीतरी पुरावा दाखवून कार्ड मिळतं का ते विचारायचं. मुलाला सांगा ऑफिसला जाताना सोड आणि दुपारी सून घेऊन येईल. दुसरं ठिकाण सीनियर सेंटर, पत्ते, व्यायाम, दुपारचं जेवण असतं. चालायला जाताना खिशात पत्त्याची चिठ्ठी आणि फोन ठेवा, घरं सगळी सारखी दिसतात.

या ठिकाणी गेलात की त्या पाच वाक्यांचा उपयोग होतो. तिथले म्हातारे लोक आपल्याला आडनाव, जात, गाव, पगार काहीच विचारत नाहीत, पहिल्या नावानं हाक मारतात, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस पण, त्याचा राग धरू नका, तो अपमान नसतो. मी सुरवातीला निवृत्त शिक्षक असं सांगायचो, ते छान म्हणायचे आणि गप्पा संपायच्या. नंतर मी नातवाला माझी बोली शिकवतो असं सांगितलं तर समोरच्या बाई सरसावून बसल्या, कोणती बोली, किती लोक बोलतात, लिहितात का, आणि मग त्या त्यांच्या आजीच्या जर्मन भाषेबद्दल सांगायला लागल्या जी घरात कुणालाच आता येत नाही. अर्धा तास गेला. त्यांना मी कोण होतो त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, मला ते हलकं वाटलं, खरंच सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सर म्हणून न बघता बोललं.

तिथल्या म्हाताऱ्यांची कीव करत फिरू नका, ही पण एक विनंती. दुकानात काउंटरवर सत्तरीची बाई दिसली की आपले लोक लगेच म्हणतात बघा पोरं विचारत नाहीत. असेलही कुणाचं तसं, पैशाची गरज पण असते. पण तिथं बहुतेक नोकऱ्यांत सक्तीची निवृत्तीच नाही, वयावरून काढता येत नाही असा कायदा १९६७ पासून आहे. त्यांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, ६२ व्या वर्षापासून कमी मिळते, १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण मिळते ६७ ला, आणि ७० पर्यंत थांबलं तर वाढत जाते, म्हणून पण लोक काम करत राहतात. आपल्या राज्यात ५८ ला हार-नारळ देऊन घरी बसवतात. ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ लायब्ररीत यायचे, एकटे राहतात, स्वतः गाडी चालवतात, मुलगी दुसऱ्या राज्यात, आणि मुलीवर भार नाही याचा त्यांना अभिमान. मला विचारलं तुम्ही मुलाच्या घरी राहता तर तुम्हाला त्रास नाही होत का, मी म्हटलं एकटं राहिलो तर होईल. दोघंही विचारात पडलो. मला वाटतं त्यांच्याकडचा एकटेपणा मोठा आहे आणि आपल्याकडचं अवलंबून राहणं मोठं आहे, आणि दोघांनी एकमेकांकडून थोडं घ्यायला हरकत नाही.

नातवाच्या भाषेचं मी फार मनावर घेतलं होतं. वर्ग घेऊ नका, पोरं पळतात. रोजच्या एका कामाला एकच बोली लावा, आमचं बसपर्यंतचं चालणं अहिराणीत, आठे ये, तठे देख, तुन्हं नाव काय शे, एवढ्यापासून सुरवात. लेवा बोलत असाल तर लेवा, भिल्ली असेल तर भिल्ली, प्रमाण मराठी त्याला मंडळाच्या शाळेत मिळेल, तिथल्या मराठी मंडळांची संघटना म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ, ते १९८१ पासून आहे आणि त्यांच्या मराठी शाळा बऱ्याच शहरांत चालतात, घरची बोली मात्र आपल्याशिवाय कुणी देणार नाही.

भरीत घरात भाजू नका, धुराचा अलार्म वाजतो आणि सगळी इमारत गोळा होते. पार्कमध्ये कोळशाच्या शेगड्या लावलेल्या असतात, तिथं भाजा. आपलं हिरवं लांब वांगं मिळत नाही, जांभळं मोठं मिळतं, त्याला पाणी फार सुटतं, भाजून चाळणीत अर्धा तास ठेवा, मग हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात नेहमीसारखं. तुरीच्या काड्यांवरची चव येत नाही, पण वासानं बाजूच्या शेगडीवरची माणसं येतात विचारायला, आणि मग जळगाव कुठं आहे ते सांगायचं काम नातवावर सोडा.

शेवटी ग्रीन कार्ड, कारण हा विषय मुलं काढणारच. मुलगा अमेरिकन सिटिझन असेल आणि २१ च्या वर असेल तर आईवडलांसाठी अर्ज करू शकतो. प्रेमानं म्हणतो, पण हो म्हणायच्या आधी या गोष्टी बसून बोला. ग्रीन कार्ड हे तिथं राहण्यासाठी आहे, सलग वर्षभर परवानगीशिवाय बाहेर राहिलं तर ते सोडलं असं धरतात, सहा महिन्यांच्या पुढंही प्रश्न विचारतात, म्हणजे मन इथं आणि कार्ड तिथं असं जमत नाही. मेडिकेअर, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, लगेच मिळत नाही, ज्यांनी तिथं काम केलेलं नाही त्यांना ६५ च्या पुढं आणि सलग पाच वर्षं राहिल्यावर विकत घेता येतं, तोपर्यंत इन्शुरन्स कुणी भरायचा ते आकडे घालून ठरवा. आणि पुढं सिटिझनशिप घेतली तर भारताचं नागरिकत्व जातं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळतं पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली वेगळी गोष्ट. आपल्या खान्देशातल्या माणसाला सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे काय ते मी सांगायला नको. मी नाही म्हटलं, कारण माझी ती पाच वाक्यं इथं जास्त चांगली चालतात. माझ्या एका मित्रानं घेतलं, पत्नी गेल्यावर त्याला इथलं घर खायला उठायचं, तिथं तो नातींना गाडीनं पोहायला नेतो, मराठी शाळेत शिकवतो, त्याचं पण बरोबरच आहे. फक्त आजारपणाच्या भीतीनं किंवा लोक काय म्हणतील म्हणून ठरवू नका, एकेक हिवाळा तिथं काढून बघा, मग ठरवा.

परतीचं तिकीट काढताना एवढं बघा, मे महिन्यात उतरू नका, डॅलसच्या एसीतून जळगावच्या ४५ डिग्रीत शरीर सहन करत नाही. जमलं तर श्रावणात या, नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचा सण असतो, तिच्या रोटाच्या जेवणाला सगळे भाऊबंद एका घरात जमतात, सहा महिन्यांच्या भेटी एकाच दिवशी होतात. आणि नातवाच्या शाळेच्या सुट्ट्या ऑगस्टपर्यंत असतात, त्याला बरोबर आणता येतंय का ते मुलाला तिकीट काढायच्या आधीच विचारा, नंतर भाव वाढतात.